फडक्याखालची सुरई

मातीबाईंच्या वर्गात पहिल्या दिवशी कोणाला माती मिळत नसे. आधी मिळायचं ते फडकं. जुन्या चादरीचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं.

"हे ओलं करा, पिळा, झटका. थेंब गळता कामा नये आणि कोरडंही लागता कामा नये."

मग नवा आलेला माणूस, आपण भांडी करायला शिकायला आलोय की धुणं धुवायला, असा चेहरा करून नळाखाली उभा राहायचा. पिळून आणलेलं फडकं मातीबाई स्वतःच्या गालाला लावून बघायच्या आणि परत हातात द्यायच्या. "अजून पिळा. रडतंय ते."

यात त्यांचा खाष्टपणा कमी आणि गरज जास्त होती. वर्ग आठवड्यातून दोनदाच भरायचा आणि एका बैठकीत भांडं काही पुरं होत नाही. अर्धवट काम उघडं ठेवलं तर पुढच्या खेपेला त्याचा खडू झालेला असतो. मग त्याला ना कान चिकटत, ना त्याचा तळ खरवडता येत. म्हणून जाताना प्रत्येकाने आपलं काम ओल्या फडक्यात गुंडाळायचं, वरून प्लॅस्टिकची पिशवी घालायची आणि मागच्या खोलीतल्या फळीवर ठेवायचं. मधल्या दिवसांत फडक्यांवर पाणी शिंपडणं हे मातीबाईंचं काम. एका ओळीत बसलेल्या त्या गुंडाळ्यांकडे बघून केंद्रातले सुतारकाका म्हणायचे, "मातीबाई, तुमच्या खोलीत आलं की सगळे सर्दीने आजारी असल्यासारखे वाटतात हो."

हस्तकला केंद्र पूर्वी टपाल कार्यालय होतं. पत्रं वेगळी करायच्या चौकोनी खणांत आता लोकरीचे गुंडे बसले होते. तिकिटांच्या खिडकीमागे सुतारकाका रंधा मारत, पार्सलांच्या लांबलचक खोलीत मातीचा वर्ग, आणि साहेबांच्या खोलीत विजेची भट्टी. मातीबाई इथे पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना मातीत काडीचा रस नव्हता. लेक कडेवर होती, घर एका खोलीचं होतं आणि नवरा बस चालवायचा. रात्रपाळी. तो सकाळी येऊन झोपायचा आणि लेकीचा आवाज म्हणजे कर्णाच वाजल्यासारखा. नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून ही बाई पोरीला घेऊन सगळा दिवस बाहेर काढायची. बागेत, बाजारात, आणि थंडी पडली तेव्हा इथे, कारण भट्टीच्या खोलीशेजारची भिंत गरम असायची. तिथे त्या वेळी वर्ग घेणाऱ्या थोरल्या बाईंनी लेकीला खेळायला मातीचा गोळा दिला आणि आईलाही दिला. लेक खेळून कंटाळली. आई काही कंटाळली नाही.

पुढे थोरल्या बाई गेल्या, वर्ग हिच्याकडे आला, खोलीच्या दोन खोल्या झाल्या, लेक शिकून दुसऱ्या गावी नोकरीला लागली. नवऱ्याची पाळी मात्र बदलली नाही. तो घरी यायचा तेव्हा ही निघायच्या घाईत, ही यायची तेव्हा तो बूट घालत. दारात भेटायचे. "झाकण ठेवलंय." "किल्ली घेतलीस?" एवढ्यावर संसार झाला, आणि वाईट झाला असंही नाही.

ड्रायव्हरसाहेब निवृत्त झाले आणि घरात बसले. थोडे दिवस रेडिओ दुरुस्त करून झाला. मग एका सकाळी मातीबाई चपला घालत होत्या, तर हे मागे उभे. भांग पाडलेला, इस्त्रीचा शर्ट.

"कुठे निघालात?"

"तुझ्या वर्गाला."

"कशाला?"

"घरातल्या भिंतींना माझा कंटाळा आलाय."

"वर्गात मी तुमची कोणी नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"मग मी काय म्हणू तुला?"

"बाई म्हणा. सगळे म्हणतात."

तर त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की मातीबाईंना पश्चात्ताप झाला. पहिल्याच दिवशी दारात उभे राहून हात वर केला. "बाई, उशीर झाला, आत येऊ?"

"तुम्ही माझ्याबरोबरच निघालात घरातून."

"म्हणूनच उशीर झाला."

वर्ग हसला. वर्ग म्हणजे त्या वेळी दोघी जावा होत्या, ज्या घरात एकमेकींशी बोलत नसत आणि इथे शेजारी बसून सगळं बोलून घेत. एक दातांचे डॉक्टर होते, जे कपाचा काठ दाढ कोरल्यासारखा एक डोळा मिटून कोरत. आणि आणखी काही येऊन-जाऊन माणसं. मातीबाईंनी हसू दाबलं आणि नव्या विद्यार्थ्याच्या हातात फडकं दिलं. त्याने ते एका पिळात असं कोरडं केलं की फाटलंच.

हात तसे होते त्यांचे. जुन्या बसचं चाक फिरवून फिरवून फावड्यासारखे झालेले. उजवा अंगठा चमच्याएवढा रुंद. आणि डाव्या हाताची करंगळी कधीतरी बसच्या दारात सापडून वाकडी झालेली, ती कुठेच टेकायची नाही, सदा वेगळी उभी.

फिरत्या चाकाशी त्यांचं जमलं नाही. खाली पायाने दाबायचा खटका होता. तो दिसला की यांचा पाय आपोआप जोरात पडायचा. चाक सुसाट सुटलं आणि माती थेट थोरल्या जाऊबाईंच्या चष्म्यावर.

"याला ब्रेक कुठाय, बाई?"

"पाय उचला! पाय उचलणं हाच ब्रेक!"

"असली गाडी मी रस्त्यावर काढली नसती."

धाकटी जाऊ हसून लोटपोट झाली. थोरलीने चष्मा पुसत म्हटलं, "हसून घे. घरी गेल्यावर तोंड शिवलेलंच असतं तुझं."

"तुम्ही चाकावर नका बसू," मातीबाई म्हणाल्या. "वळ्या करा. मातीच्या लांब वळ्या करायच्या, एकावर एक गोल रचायच्या, आणि आतून बोटांनी दाबत दाबत एकजीव करायच्या."

"साप रचायचे."

"साप म्हणा हवं तर."

"बघू, हात धरून दाखवा माझा."

"मी कोणाच्या भांड्याला हात लावत नाही." हे खरंच होतं. त्या स्वतःचा वेगळा गोळा घेऊन दाखवायच्या. विद्यार्थ्याच्या कामाजवळ उभ्या राहिल्या की हात पाठीमागे. दुसऱ्याची माती घडवून दिली की ते भांडं कोणाचंच होत नाही, असं त्यांचं मत होतं. नवऱ्यासाठीही त्यांनी हात पुढे केला नाही.

ड्रायव्हरसाहेबांनी साप रचायला घेतले. डावा हात मनगटापर्यंत आत घालायचा, आतून दाबायचं, बाहेरून उजवा हात आधाराला. खाली मान घालून, ओठ मुडपून. मातीबाईंनी आपल्या नवऱ्याला काम करताना त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं. बसमध्ये बसायची वेळच आली नव्हती, आणि घरी पाहिला तो झोपलेला. त्या दुसऱ्यांना शिकवता शिकवता मधेच तिकडे बघायच्या आणि थोरली जाऊ कोपराने धाकटीला डिवचायची.

"काय होणार आहे हे?" एकदा त्यांनी विचारलं.

"सुरई. उशाशी ठेवायला. तू रात्री पाण्याला उठतेस, दिवा लावतेस, माझी झोप मोडते."

"तुमची झोप मोडू नये म्हणून तर मी सगळा जन्म..." वर्ग कान टवकारून ऐकत होता. त्यांनी वाक्य गिळलं. "मान बारीक करा. पसरट होतेय."

मान बारीक झाली, इतकी की आत हात जाणं बंद झालं. मग साहेबांना सुरईला कान लावायची लहर आली.

"सुरईला कान नसतो."

"माझ्या सुरईला असणार. धरायला काही नसलं की माझा हात कावराबावरा होतो."

कान लावला. त्याचं खालचं टोक चिकटवताना उजव्या अंगठ्याने असं दाबलं की तिथे चांगला खोल खळगा पडला.

"पुसून घ्या तो."

"राहू दे. माझी सही आहे ती."

"सही राहू दे, पण तळ बघा जरा. वीट आहे वीट. अशी जाड माती भट्टीत फुटते आणि शेजारची चार भांडी घेऊन फुटते. खरवडल्याशिवाय मी आत घेणार नाही."

"नवऱ्याची असली तरी?"

"नवऱ्याची असली तर दोनदा तपासून घेईन."

"खरवडतो पुढच्या वेळी. आज हात भरून आलेत." त्यांनी फडकं भिजवलं, या वेळी अगदी बेताने पिळलं, मातीबाईंच्या गालाजवळ नेलं. "बाई, रडत नाहीये ना?"

"बरोबर आहे," मातीबाई म्हणाल्या.

पुढची वेळ आलीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्यातला दिवा गेला म्हणून नवा आणायला उतरले, आणि जिन्याच्या वळणावर दम लागल्यासारखे बसले ते बसलेच. वरच्या मजल्यावरचे शेजारी पाण्याचा पेला घेऊन धावले. पेला तसाच भरलेला परत गेला.

पाहुणे आले, गेले. लेक राहिली, रजा संपली, गेली. मातीबाई केंद्रात आल्या तेव्हा सुतारकाकांनी फळ्यांवर पाणी मारून ठेवलं होतं. त्यांच्या परीने, म्हणजे बदाबदा. सगळी फडकी रडत होती. मातीबाईंनी एकेक पिळून परत घातलं. शेवटी खालच्या फळीवरच्या कोपऱ्यातली पिशवी काढली, फडकं सोडलं. सुरई ओली होती. कालच केल्यासारखी.

वर्ग सोडून गेलेल्या माणसाच्या भांड्याचं काय करायचं, याची केंद्रात रीत होती. नीट असेल ते भट्टीत जायचं, नसेल ते टबात. टबात पाणी असायचं. त्यात कच्चं भांडं टाकलं की सकाळपर्यंत त्याचा चिखल, आणि चिखलाची पुन्हा माती. मातीबाईंनी आजवर कितीतरी भांडी अशी हसत हसत बुडवली होती. ही सुरई भट्टीत टाकली तर फुटणार, हे त्यांना न तपासताही कळत होतं. तळ खरवडावा, तर ती त्यांची नव्हती. ज्याची होती तो खरवडतो म्हणून गेला होता. आणि टबाजवळ जाऊन त्या दोनदा परत आल्या. त्या माणसाचं दुसरं काही असं नव्हतंच की ज्यावर त्याचा हात उमटलाय. शर्ट होते, चष्मा होता, बूट होते. ती सगळी दुकानातून आणलेली. हातांनी केलेली वस्तू ही एकच.

ओली आहे तोवर काही ठरवायला नको होतं. त्यांनी फडकं पुन्हा भिजवलं.

मग ते रोजचंच झालं. वर्ग नसला तरी त्या यायच्या. बाकीच्या फडक्यांवर पाणी शिंपडायच्या. या एका फडक्याला मात्र सोडवून, सुरईला चहूबाजूंनी बघून, पुन्हा पिळून गुंडाळायच्या. निघता निघता कानाखालच्या त्या खळग्यात अंगठा टेकवायच्या. जोर न लावता. फक्त टेकवायच्या. "दमलात का?" म्हणायच्या कधी. कधी वर्गातली एखादी गंमत सांगायच्या. "आज थोरलीने धाकटीला बशी दिली हो, स्वतः केलेली. धाकटी म्हणते, विष लावलंय का?" जे दारात उभं राहून कधी सांगता आलं नव्हतं, ते सगळं.

लेकीचा फोन यायचा.

"आई, बाबांची सुरई भाजली का?"

"रांगेत आहे."

"एवढी कसली रांग? भेळेची गाडी आहे का ती, गर्दी व्हायला?"

"पावसाळी हवा आहे. सुकत नाही लवकर."

"गेल्या महिन्यात उन्हाळा होता, तेव्हा म्हणालीस ऊन फार आहे, तडकेल."

"तू तुझं जेवण वेळेवर करतेस का ते सांग आधी."

सुतारकाकांच्या नाकातून मात्र काही सुटलं नाही. एकदा मागच्या खोलीत आले आणि वास घेत उभे राहिले. "मातीबाई, काहीतरी कुबटलंय."

"फडकं आहे. बदलते."

"किती दिवस ठेवणार आहात? लाकूड एवढं ओलं ठेवलं असतं तर एव्हाना कुजलं असतं."

"माती कुजत नाही काका. मुरते."

"मी मातीबद्दल नाही म्हणत आहे," काका म्हणाले आणि बोललो ते जास्तच झालं असं वाटून घाईघाईने रंध्याकडे गेले.

वर्ष फिरत आलं तेव्हा लेक आली. रजा काढून, फोन न करता, सरळ केंद्रावर. वर्ग सुटला होता, मातीबाई फरशी पुसत होत्या. लेकीने पिशवी खाली ठेवली, आईला मिठी मारली आणि म्हणाली, "चल, दाखव ती रांग."

लपवण्यात अर्थ नव्हता. दोघी मागच्या खोलीत गेल्या. मातीबाईंनी सुरई टेबलावर आणली, फडकं सोडलं. तळाशी हिरवट काळी बुरशी धरली होती. मान किंचित एका अंगाला बसली होती.

"तू ही ओलीच ठेवलीस."

"सुकली असती तर काहीतरी करावं लागलं असतं."

"हं." लेकीने खुर्ची ओढली. बापासारखीच ओठ मुडपून बसली. मग म्हणाली, "बाबा शेवटच्या फोनवर म्हणाले होते, मी सही केलीय म्हणून, तुझ्या आईने पुसायला सांगितली तरी पुसली नाही. कुठाय?"

"ही बघ, कानाखाली."

लेकीने खळगा बघितला. हळूच आपला अंगठा त्यात ठेवला. अंगठा नीट बसला, अंगठीत बोट बसावं तसा.

"एवढासाच?" ती हसत म्हणाली. "अगं, बाबांचा अंगठा केवढा होता! मला लहानपणी त्या अंगठ्याने टिळा लावला तर अर्धं कपाळ भरायचं, तू ओरडायचीस. हा तर माझ्याएवढा आहे. तुझ्या-माझ्या..."

आणि ती थांबली. आईचा चेहरा बघून थांबली. दोघींचे हात एकसारखे होते, हे घरात नेहमी म्हटलं जायचं. एकीची अंगठी दुसरीला चालायची.

मातीबाईंनी खाली वाकून बघितलं. रोज बघत होत्या, पण आज बघितलं. रुंद खळग्याचे काठ रोजच्या पाण्याने विरघळून आत आले होते. त्या मऊ मातीत रोज एक अंगठा टेकत गेला होता, जोर न लावता, नुसता टेकत. मूळचा ठसा आता कुठेच नव्हता. तिथे होता तो त्यांचाच अंगठा, नखाच्या चंद्रकोरीसकट. आणि बाकीच्या अंगावर, पोटावर, मानेवर, जिथे जिथे त्याच्या बोटांचे उंचसखल माग होते, तिथे फडक्याची वीण उमटली होती. जुन्या चादरीची, बारीक, सगळीकडे सारखी.

"आई, मी उगाच बोलले."

"नाही, नाही."

"मी काहीतरीच बोलले. तसाच आहे तो. बाबांचाच आहे."

"गप्प बस गं," मातीबाई म्हणाल्या, इतक्या हळू की लेक खरंच गप्प बसली. "घडवून झालेल्या ओल्या मातीला हात लावू नये हे मी लोकांना शिकवते. पोटापाण्याला हेच करते मी."

त्या रडल्या नाहीत. फडकं हातात होतं ते पिळत राहिल्या. त्यातून पाणी येईनासं झालं तरी.

दोन दिवसांनी पुन्हा वर्ग होता. लेकही आली, कोपऱ्यात स्टुलावर बसली. मातीबाई रोजच्यासारख्या टेबलांमधून फिरल्या, हात पाठीमागे. दातांच्या डॉक्टरांनी एक फुलदाणी केली होती. मातीबाईंनी बोटाने टिचकी मारायची नक्कल केली, लांबूनच.

"जाड आहे, डॉक्टर."

"बाई, तुम्ही रोज जाड म्हणता. किती जाड म्हणजे जाड? बाहेरून कसं कळणार माणसाला?"

यावर मातीबाई एरवी आपला गोळा घेऊन कापून दाखवायच्या. आज त्या मागच्या खोलीत गेल्या, सुरई घेऊन आल्या आणि डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवली. भिंतीवरची कापायची तार काढली, दोन्ही टोकांना लाकडी गुंड्या लावलेली.

"अगं आई!" लेक स्टुलावरून उठली.

"यात आता त्यांचं काही नाही," मातीबाई म्हणाल्या. "माझाच हात आहे सगळा. शिकवायला तरी उपयोगी पडू दे."

थोरली जाऊ म्हणाली, "बाई, नका हो," आणि धाकटीने, जन्मात पहिल्यांदा, तिचा हात धरला.

तार मानेवर टेकली, खाली आली. पोटातून सरसर गेली, तळाशी अडली. विटेसारखा तळ. मातीबाईंनी गुंड्या मुठीत आवळल्या, खांद्यातून जोर लावला, आणि तार टेबलावर टेकली. त्यांनी दोन्ही अर्धुकं पुस्तकासारखी उघडली.

बोलायला तोंड उघडलं होतं त्यांनी. जाडी दाखवायला बोट पुढे झालं होतं.

आत, तळापासून मानेपर्यंत, बोटं होती. ओळीवर ओळ. मान बारीक झाल्यापासून तिथे ना फडकं पोचलं होतं, ना पाण्याचा हबका, ना कोणाचा अंगठा. डाव्या हाताची तीन रुंद बोटं प्रत्येक वळीवर दाबलेली, आणि त्यांच्या शेजारी, जरा वर, एक छोटी खूण. वाकड्या करंगळीची. ती टेकत नसे असं सगळ्यांना वाटायचं. ती टेकायची, जराशी, कडेने. काही ठिकाणी कातडीच्या रेषासुद्धा दिसत होत्या.

मातीबाईंचा हात आपोआप पुढे गेला.

"बाई!" दातांचे डॉक्टर एवढ्याने ओरडले की सुतारकाका खिडकीतून डोकावले. "हात लावू नका. ठसा ओला आहे."

हात हवेतच राहिला. मग तो त्यांनी मागे घेतला, दुसऱ्या हाताने धरला, पाठीमागे बांधल्यासारखा. तशाच उभ्या राहून बघत राहिल्या. लेक येऊन शेजारी उभी राहिली.

संध्याकाळपर्यंत माती जरा आवळली तशी त्यांनी दोन्ही अर्धुकं पालथी करून जाड स्पंजवर ठेवली, बोटांची बाजू खाली, अधांतरी. खरवडायची कडी घेतली. आधी कान कापून काढला, खळग्यासकट.

"तो तरी ठेव," लेक म्हणाली.

"काय करू ठेवून? माझा अंगठा माझ्याकडे आहे." तुकडा टबात पडला, तळाशी गेला, बुडबुडा आला.

मग बाहेरची बाजू खरवडायला घेतली. फडक्याची वीण गेली, बुरशी गेली, बसलेल्या मानेचा फुगवटा गेला. विटेचा तळ एकेक साल काढत उतरवला. नवऱ्याचं राहिलेलं काम त्या शेवटी करत होत्या, दुसऱ्याच्या भांड्याला आयुष्यात पहिल्यांदा हत्यार लावून. मधूनमधून सुई टोचून जाडी बघायच्या. एका ठिकाणी सुई जरा जास्त गेली. आत लागली असेल का, या धास्तीने त्यांचा हात बराच वेळ थांबला. लेकीने पलीकडून विजेरी धरून खाली वाकून बघितलं. "नाही लागली. चल पुढे."

त्या रात्रीपासून सुरईवर फडकं घातलं नाही.

लेकीने रजा वाढवली. अर्धुकं उघड्या फळीवर सुकत होती. गडद राखाडीची फिकट झाली, फिकटची पांढरट. मातीबाई येऊन बघून जायच्या.

"लहान होतायत गं."

"काय?"

"बोटं. सुकताना माती आकसते. भट्टीत आणखी आकसेल."

"किती?"

"बरीच." त्या फडक्याच्या खुंटीकडे बघत म्हणाल्या, "म्हणून तर सुकू देत नव्हते. म्हणजे, म्हणूनही."

भट्टी त्यांनी दुसऱ्या कोणाची भांडी न घालता लावली. एवढ्या वर्षांत अर्धी रिकामी भट्टीसुद्धा त्यांनी कधी पेटवली नव्हती. सुतारकाकांनी बघितलं आणि विजेच्या बिलाचा विनोद ओठांवर आला होता तो परत आत ढकलला. दिवसभर दोघी मायलेकी शेजारच्या खोलीत, त्या जुन्या गरम भिंतीला टेकून बसल्या. दुपारी कधीतरी आतून आवाज आला. बोजड, एकच, पोतं पडल्यासारखा. लेकीने आईकडे बघितलं. मातीबाईंनी डोळे मिटून घेतले आणि मान हलवली, हो म्हणून.

भट्टी निवायला पुढचा सबंध दिवस गेला. दार उघडलं तेव्हा एका अर्धुकाच्या ठिकऱ्या होत्या, काही मागच्या भिंतीला जाऊन लागलेल्या. तळ पुरेसा उतरला नव्हता. दुसरं अर्धुक वरच्या अंगाला तडकलं होतं, पण उभं होतं. विटकरी लाल. मातीबाईंनी ते बाहेर काढून खिडकीशी ठेवलं.

तीन बोटांचे माग ओळीने वर गेलेले, शेजारी ती कडेची खूण. सगळं तिथेच होतं, फक्त कोणा बारीक चणीच्या माणसाचं असावं असं. त्या बोटांनी जुन्या बसचं चाक फिरवलं असेल, हे नव्या माणसाला पटलं नसतं. मातीबाईंनी आपली तीन बोटं त्यात ठेवली. जवळजवळ त्यांच्याच मापाची झाली होती. थंड होती. खरखरीत.

लेकीने हात पुढे केला, आणि मध्येच आखडता घेतला.

"लाव हात," मातीबाई म्हणाल्या आणि तिला जागा करून देत बाजूला सरकल्या. "लाव. आता काही होत नाही त्याला."